तुझ्या जिभेवरची भाजी

आज जेवायच्या आधी थोडा वेळ काढा. अर्धा तास पुरेल. एका ताटलीत तीन गोष्टी घ्या: कच्च्या कोबीचा एक तुकडा, शक्यतो आतल्या दांड्याजवळचा, कोथिंबिरीच्या दोन काड्या, आणि एक आवळा. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. थंडीचे दिवस असतील तर हे सगळं मंडईच्या एका फेरीत मिळतं. मीठ नको, लिंबू नको. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. घरात आणखी कुणी असेल तर त्यालाही बोलवा आणि त्याच्यापुढेही एवढंच वाढा. एकटे असाल तरी चालेल. खाण्यावरून ज्याच्याशी कधी तुमचं वाजलं असेल, अशा एखाद्या माणसाला मनातल्या मनात शेजारी बसवा.

माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ आहे, सहा वर्षांचा. त्याच्या ताटात फक्त कोबीची भाजी उरली आहे. आमच्या घरी पानात टाकलेलं चालत नसे. सगळे जेवून उठलेले, ओटा पुसून झालेला आणि हा अजून पाटावर. 'कडू आहे,' तो म्हणायचा. कोबी कधी कडू असतो का, असं म्हणून घरातले हसायचे. मीही हसायचे. मला ती भाजी गोडसर लागायची, आजही लागते. तो खोटं बोलतो आहे याबद्दल तेव्हा मला तिळमात्र शंका नव्हती.

आता डोळे मिटा. एवढ्यात काही खायचं नाही. तोंडात जीभ कुठे टेकली आहे ते पाहा. तिचा शेंडा दातांना लागला असेल, कडा दाढांना. ती हलवू नका, नुसती जाणवू द्या. तिच्या पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे आहेत, आणि त्यांतल्या काही उंचवट्यांत रुचिकलिका दडलेल्या आहेत. एकेका कलिकेत पन्नास ते शंभर पेशी, एखाद्या कळीच्या पाकळ्यांसारख्या मिटून बसलेल्या. या पेशी फार जगत नाहीत. त्यांचं सरासरी आयुष्य साधारण दहा दिवसांचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या पेशींनी करंजीची चव घेतली, त्यांतल्या बहुतेक तुळशीच्या लग्नापर्यंत गेलेल्या असतात. त्यांच्या जागी येणाऱ्या पेशी मात्र त्याच जुन्या मजकुराबरहुकूम घडतात. हा मजकूर आईकडून आणि वडिलांकडून, निम्मा निम्मा आलेला.

शाळेत जिभेचा नकाशा काढलेला आठवतो का? शेंड्याला गोड, मागे कडू, कडांना आंबट आणि खारट. तो विसरून जा. १९०१ साली एका जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांतले संवेदनेचे किरकोळ फरक नोंदवले होते. पुढे त्यांच्या आलेखांचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो अर्थ पाठ्यपुस्तकांतून जगभर पसरला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. हे सांगण्याचं कारण एवढंच की पुढच्या घासाला कडूपणा कुठे जाणवायला हवा, हे आधीच ठरवू नका. तो जाणवलाच पाहिजे, असंही ठरवू नका.

कोबीचा तुकडा उचला. आधी बोटांत धरा. गारवा, शिरा, कडेचा फिका हिरवा रंग. नाकाशी न्या. अखंड पानाला फारसा वास येत नाही. आता तो जिभेवर ठेवा आणि तोंड मिटा. चावू नका. एक, दोन, तीन श्वास. चव जवळपास काहीच नाही, ओल्या कागदासारखी. पानाने आपलं सगळं आत झाकून ठेवलेलं आहे.

आता एकदाच चावा, आणि थांबा.

त्या एका चाव्याने पानातले दोन कप्पे फुटले. एका कप्प्यात गंधकयुक्त संयुगं होती, दुसऱ्यात त्यांना फोडणारं विकर. पान शाबूत असेपर्यंत ती एकमेकांना भेटत नाहीत. अळीने पान कुरतडलं, विळीने चिरलं, दाढेने चावलं, की भेटतात, आणि त्या भेटीतून उग्र वासाचे, झणझणीत, कडवट पदार्थ तयार होतात. मोहरी वाटल्यावर नाकात जातो तो झणका याच प्रकारचा. मुळा, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी, कोबी, सगळी एका कुळातली. हे त्यांचं शस्त्र आहे आणि ते काही आपल्यासाठी परजलेलं नव्हतं. पण त्यातले काही पदार्थ फार खाल्ले गेले आणि आहारात आयोडीन कमी असलं, तर माणसाच्या कंठग्रंथीच्या कामात अडथळा आणू शकतात. तेव्हा ते तोंडातच ओळखता येणं उपयोगाचं.

हळूहळू चावत राहा. जिभेवर काय येतं आहे? आधी पाणी, मग थोडी गोडी, मग कदाचित काही चुरचुरणारं. त्यामागून कडू येतं का? घशाकडे, कडेला, शेंड्याला, कुठेही? घाई नको. आलं तर किती, पुसट की ठसठशीत, ते पाहा. नाही आलं तर नाही. या प्रश्नाला चुकीचं उत्तर नाही, आणि शेजारच्याकडे बघून आपलं उत्तर बदलायचं नाही.

घास गिळा. हात मांडीवर ठेवा.

१९३१ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनतज्ज्ञ एक पांढरी पूड बाटलीत भरत होते. फेनिलथायोकार्बामाइड, थोडक्यात पीटीसी. थोडी पूड हवेत उडाली. खोलीतले दुसरे रसायनतज्ज्ञ, नोलर, तक्रार करू लागले की तोंड कडूजहर झालं. फॉक्स पुडीच्या जास्त जवळ होते, आणि त्यांना काहीही जाणवलं नव्हतं. त्यांनी पूड मुद्दाम जिभेवर ठेवून पाहिली. चव नाही. नोलरांनी ठेवली. कडू. मग फॉक्सनी ती आणखी माणसांना दिली, आणि माणसं दोन गटांत विभागली जाऊ लागली.

मी या प्रसंगापाशी नेहमी थांबते. फॉक्सना काहीच लागलं नव्हतं. 'तुझं काहीतरीच' म्हणून ते पुन्हा कामाला लागू शकले असते. आपल्या जिभेवर ज्याची खूणही नाही, असा अनुभव दुसऱ्याच्या तोंडी असू शकतो हे त्यांनी मानलं, आणि तिथून एक शास्त्र उभं राहिलं. आमच्या स्वयंपाकघरात तेवढं मानणारं त्या रात्री कुणी नव्हतं.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. लॉरेन्स स्नायडर यांनी त्याच वर्षी कुटुंबंच्या कुटुंबं तपासून दाखवलं की ही चव न लागणं पिढीजात चालतं. १९३१च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सला भरलेल्या विज्ञान परिषदेत आलेल्यांना ही पूड चाखायला देऊन त्यांची मतं घेतली गेली. १९३२ साली आल्बर्ट ब्लेकस्ली आणि फॉक्स यांनी लिहिलेल्या लेखाच्या मथळ्याचा अर्थ होतो, आपली निरनिराळी चवींची जगं. १९३९ मध्ये एडिंबरोला आनुवंशशास्त्राची जागतिक परिषद भरली होती, दुसरं महायुद्ध दाराशी आलेलं होतं, आणि त्या दिवसांत रोनाल्ड फिशर, एडमंड फोर्ड आणि ज्युलियन हक्सली तिथल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन चिंपांझींना हे द्रावण पाजत होते. चिंपांझींमध्येही दोन्ही तऱ्हा निघाल्या. काहींनी तोंड वाकडं केलं, काही शांतपणे प्यायले. कितीतरी वर्षं समज असा होता की हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे व्हायच्या आधीपासूनचा असणार. २००६ साली जनुकं वाचून पाहिली तेव्हा कळलं की चिंपांझींमधला बिघाड वेगळ्याच ठिकाणी आहे. तिकडे तो स्वतंत्रपणे घडला होता.

माणसात ही चव ओळखणारं जनुक सापडायला २००३ साल उजाडलं होतं. अमेरिकेतल्या डेनिस ड्रायना यांच्या गटाला ते सातव्या गुणसूत्रावर मिळालं. नाव टीएएसटूआर३८. कडू ओळखणाऱ्या प्रथिनांची माणसाजवळ सुमारे पंचवीस जनुकं आहेत, त्यांतलं हे एक. त्यावरून घडणारं प्रथिन ३३३ अमिनो आम्लांच्या साखळीचं. त्या ३३३ जागांपैकी ४९, २६२ आणि २९६ या तीन जागा लक्षात घ्या. एका घडणीत तिथे प्रोलीन, अ‍ॅलानीन आणि व्हॅलीन बसतात, दुसऱ्या घडणीत अ‍ॅलानीन, व्हॅलीन आणि आयसोल्यूसीन. पहिली घडण पीटीसी पकडते. दुसरी जवळजवळ पकडत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. दोन्ही पहिल्या घडणीच्या असल्या तर कडू ठळक लागतं, एकेक असली तर मधलं, दोन्ही दुसऱ्या घडणीच्या असल्या तर बहुधा काहीच नाही.

पीटीसी कुणाच्या ताटात नसते, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण कोबीच्या कुळातल्या संयुगांच्या रचनेत पीटीसीसारखाच गंधक-कार्बन-नत्राचा दुवा असतो. २००६ साली एका प्रयोगात या कुळातल्या भाज्या लोकांना चाखायला दिल्या. दोन्ही प्रती पहिल्या घडणीच्या असलेल्यांना त्या दुसऱ्या टोकाच्या लोकांपेक्षा साठ टक्के अधिक कडू लागल्या. भाज्या त्याच होत्या.

डोळे पुन्हा मिटा. तोंडात मघाच्या कोबीची जी काही खूण उरली असेल, तिच्याकडे लक्ष द्या. तुमच्या जिभेवरची ही खूण आणि शेजारच्याच्या जिभेवरची खूण या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. शब्द मात्र दोघांचा एकच, कडू. शब्दांचंही पाहा. चरकाने सांगितलेल्या सहा रसांत कटु म्हणजे आपलं तिखट, आणि आपलं कडू म्हणजे तिथला तिक्त. शतकानुशतकांच्या प्रवासात कटु हा शब्द मिऱ्याच्या चवीवरून कारल्याच्या चवीकडे सरकला. एवढ्या लांबच्या प्रवासात ते होणारच. पण एकाच घरात, एका पाटाच्या अंतरावर, एकच शब्द दोन निरनिराळ्या अनुभवांवर बसलेला असतो, आणि ते कळायला दुसऱ्याच्या तोंडात शिरण्याची वाट कुणालाच नसते.

माझी आणि भावाची जनुकं आम्ही कधी तपासली नाहीत. आई-वडील दोघांजवळ दोन्ही तऱ्हांची एकेक प्रत असेल तर त्यांच्या पोटी दोन टोकांची मुलं सहज जन्मू शकतात, एवढंच म्हणता येतं. पण २००५ सालचा एक अभ्यास वाचला तेव्हा मला वाचन थांबवून उठावं लागलं. ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं आणि त्यांच्या आया तपासल्या होत्या. दोन्ही तऱ्हांची एकेक प्रत असलेली मुलं, तसंच जनुक असलेल्या मोठ्या माणसांपेक्षा जास्त संवेदनशील निघाली. मोठ्यांना जे सौम्य द्रावण पाण्यासारखं लागत होतं, ते यांतल्या अनेक मुलांना कडू लागत होतं. म्हणजे जनुक तेच असूनही सहाव्या वर्षीची जीभ वेगळी आणि तिशीतली वेगळी. आईने स्वतः चाखून 'अजिबात कडू नाही' म्हणावं आणि मुलाने रडत 'आहे' म्हणावं, आणि दोघंही खरं बोलत असावेत, असं होऊ शकतं.

त्या सहा वर्षांच्या मुलाकडे, किंवा तुमच्या शेजारी मनात बसलेल्या माणसाकडे, आता पाहा. त्याच्या पुढ्यातलं ताट पाहा. बोलू नका. एक लांब श्वास घ्या. तो श्वास जिथून आत जातो, त्या नाकाच्या आतल्या पेशींतही हेच कडू ओळखणारं प्रथिन असतं. तिथे ते काही जंतूंनी सोडलेली संयुगं ओळखतं आणि त्या पेशी जंतूंचा मुकाबला करू लागतात. जिभेवरच्या तक्रारीला आपण नखरे म्हणतो. तीच ओळख नाकात गुपचूप राखण करत असते. श्वास सोडा.

या पीटीसीच्या कागदी पट्ट्या घेऊन विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञ जगभर हिंडले, आपल्याकडेही गावोगाव आणि जातीजमातींत. या लोकांत किती, त्या लोकांत किती, असे तक्ते झाले. प्रमाणं कमीजास्त निघाली, पण दोन्ही तऱ्हा जवळपास सगळीकडे सापडल्या. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांच्या आधारे हिशेब मांडला, तो मला या तक्त्यांपेक्षा फार मोलाचा वाटतो. माणसांमधल्या आनुवंशिक विविधतेचा सुमारे पंच्याऐंशी टक्के भाग कोणत्याही एका समूहाच्या आतच असतो. आपल्याकडे किती काळ पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसल्या. कुणाच्या ओळीत कोण नको, हे किती कडकपणे पाळलं गेलं, आणि त्यात किती माणसांचा अपमान झाला. आणि जिभा? प्रत्येक पंगतीत दोन्ही तऱ्हेच्या जिभा मांडीला मांडी लावून बसलेल्या होत्या.

आता कोथिंबीर. एक काडी बोटांत चुरडा आणि वास घ्या. मग दोन पानं तोंडात टाका. तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर बहुधा हा वास तुम्हाला गरम पोह्यांकडे, आमटीकडे, वडीकडे घेऊन गेला असेल. काहींना मात्र तो साबणाकडे नेतो. कोथिंबिरीच्या वासात अल्डिहाइड नावाची संयुगं असतात, आणि साबणातही त्यांच्यासारखी सापडतात. २०१२ साली अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांची उत्तरं आणि जनुकं जुळवून पाहिली, तेव्हा अकराव्या गुणसूत्रावर गंध ओळखणाऱ्या जनुकांच्या झुपक्याजवळच्या एका फरकाशी या साबणाचा संबंध लागला. संबंध खरा आहे, पण त्याचा वाटा लहान. त्याच वर्षी कॅनडातल्या तरुणांच्या एका पाहणीत पूर्व आशियाई मुळांच्या एकवीस टक्के लोकांना कोथिंबीर नावडती होती, दक्षिण आशियाई मुळांच्या केवळ सात टक्क्यांना. रोजच्या जेवणातल्या सवयीचा त्यात मोठा भाग असणार. पण त्या सातांतला एखादा आपल्या घरात असला, तर त्याच्या ताटातल्या प्रत्येक पदार्थावर आपण रोज हौसेने हिरवीगार बारीक चिरलेली कोथिंबीर भुरभुरत असतो.

जनुकात लिहिलं तेच ताटात उतरतं, असं मात्र म्हणवत नाही. कारल्याचं पाहा. कारल्याचा कडूपणा कोबीच्या दारातून येत नाही, त्याची संयुगं वेगळी आणि त्यांना ओळखणारी प्रथिनं वेगळी. ज्याला पीटीसी मुळीच लागत नाही त्यालाही कारलं कडू लागू शकतं. आणि ज्यांना लख्ख कडू लागतं, अशी माणसं चिंचगुळातलं कारलं मागून घेतात, पाडव्याला कडुनिंबाची चटणी न कुरकुरता खातात. कडू लागणं आणि नको वाटणं यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. तिथे आईचा हात असतो, भूक असते, सण असतो, कुणी पहिला घास कसा भरवला ते असतं. मेनेला यांनीच २००१ साली दाखवलं की गर्भारपणात किंवा दूध पाजण्याच्या दिवसांत आयांनी गाजराचा रस घेतला, तर पुढे त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा कमी तोंडं वाकडी करत खाल्ली. जन्माआधीच घरातलं जेवण बाळापर्यंत पोचलेलं असतं. म्हणून मला वाटतं, आवड शिकवता येते. पण शिकवणाऱ्याने आधी समोरच्याची जीभ खरी मानली पाहिजे. रात्री साडेनऊला ओट्यावरचा दिवा मालवून आणि ताटापुढे एकट्याला बसवून ती शिकवता येत नाही.

आवळा घ्या. एक मोठा घास. हा झटका मात्र सगळ्यांनाच बसतो. गाल आत ओढले जातात, तोंड आंबतं, तुरटपणाने जीभ खरखरीत होते. डोळे मिटले असतील तर मिटू द्या. सावकाश चावा, शेवटपर्यंत. थुंकायची इच्छा झाली तर तिच्याकडेही नुसतं पाहा. आणखी एक घास. बी बाजूला काढून ठेवा.

थोडं थांबा. तोंड रिकामं होऊ द्या.

आता भांडं उचला आणि पाण्याचा एक घोट घ्या. गिळू नका. जिभेवर, गालांत, टाळूला फिरू द्या.

पाणी गोड झालं आहे. पाण्यात कुणी काही घातलेलं नाही. मघाशी नळाखाली भरलं तेच हे पाणी. तुम्हाला किती गोड लागलं? मला लागतं तितकंच की कमी, की पार वेगळं, हे मला कधी कळणार नाही. भावाला मी हे मागच्या हिवाळ्यात विचारलं. आम्ही दोघं आता पन्नाशीच्या अल्याडपल्याड आहोत. त्याने घोट तोंडात धरला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मी उत्तराची वाट पाहत राहिले.

दुसरा घोट घ्या. शेजारी जो आहे त्याला विचारा, तुला कसं लागतंय? आणि तो सांगेपर्यंत थांबा.